३०० बॉडवरचा ळ

१९८५च्या ऑक्टोबरात मी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडून त्याचा वापरलेला केप्रो टू विकत घेतला. त्याच्याकडे नवा आयबीएम पीसी आला होता आणि केप्रो घरात जागा अडवून बसला होता. शिवणयंत्राच्या पेटीसारखी पत्र्याची पेटी, बारा-तेरा किलो वजनाची. पेटीचं झाकण काढलं की तोच कीबोर्ड. नऊ इंची हिरवा पडदा, ६४ के मेमरी, एकेका फ्लॉपीवर १९१ के जागा, आणि आत सीपी/एम २.२ ही संगणक चालवणारी प्रणाली. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात आमचं छोटं अपार्टमेंट होतं. मुलगा आठ महिन्यांचा. पेटी ठेवायला जेवणाचं टेबल सोडून दुसरी जागा नव्हती, म्हणून रोज रात्री जेवणं उरकली की ती कपाटातून बाहेर यायची.

मला ते यंत्र एकाच कामासाठी हवं होतं. आई साताऱ्याला होती. तिला मोतीबिंदू सुरू झाला होता आणि दर पत्रात एक ओळ ठरलेली असायची, "तुझं अक्षर आता लागत नाही रे, शेजारच्यांकडून वाचून घेते." मुलाने लिहिलेलं पत्र आईने शेजाऱ्यांकडून वाचून घ्यावं, हे मला फार लागलं. टाइपरायटर मराठीचा मिळेना. कारखान्यात एप्सनचा एफएक्स-८० प्रिंटर रोज पाहत होतो. कागदावर सुया ठिपके मारतात, तर ठिपक्यांनी देवनागरी का काढता येऊ नये? मोठी, ठसठशीत, तिला चष्म्याशिवाय दिसेल अशी.

प्रिंटर घेतला, प्रोग्रॅम लिहायला बोर्लंडचा टर्बो पास्कल घेतला आणि तिथेच अडलो. मला दोन-चार लहान साधनं हवी होती: मेमरीतले बाइट पडद्यावर दाखवणारं, खराब फ्लॉपीवरची फाईल सोडवणारं, पास्कलमधून प्रिंटरशी थेट बोलणारं. दुकानात गेलो तर काउंटरवरच्या मुलाने सांगितलं की सीपी/एमचं आता काही येत नाही. ते खरंच होतं. गॅरी किल्डॉलने १९७४च्या सुमारास लिहिलेली ही प्रणाली एकेकाळी जवळजवळ प्रत्येक लहान संगणकावर होती, पण १९८१मध्ये आयबीएमचं यंत्र आलं आणि चार वर्षांत दुकानांची फडताळं पालटली. केप्रोबरोबर सहकाऱ्याने एक हेज स्मार्टमोडेमही दिला होता, संगणक टेलिफोनला जोडणारा, ३०० बॉड वेगाचा. त्याच्या डब्यात घडी घातलेला एक झेरॉक्स कागद होता. त्यावर पाच-सहा फोन नंबर आणि वर हाताने लिहिलेलं: 'सीपी/एमवाले इथे असतात.'

त्यातला पहिला नंबर सीबीबीएसचा होता. ही गोष्ट मला नंतर कळली, पण इथेच सांगतो, कारण आमच्याच शहरात घडलेली होती. १९७८च्या जानेवारीत शिकागोत बर्फाने सगळं ठप्प केलं. वॉर्ड क्रिस्टेनसेन आणि रँडी स्यूस हे दोघं शिकागोच्या हौशी संगणक मंडळातले. एकाने प्रोग्रॅम लिहिला, दुसऱ्याने यंत्र जुळवलं. मंडळात भिंतीवर चिठ्ठ्या लावायचा फळा असतो ना, तसाच फळा टेलिफोनवर, म्हणजे बुलेटिन बोर्ड. त्याचंच नाव सीबीबीएस. १६ फेब्रुवारी १९७८ ही त्याची तारीख सांगतात. फोन वाजला की यंत्र जागं व्हायचं, फ्लॉपीवरून प्रोग्रॅम चढवायचं आणि उचलायचं. एका वेळी एकच पाहुणा. दुसऱ्याला एंगेज टोन.

पहिल्या रात्री अकरानंतर मी बसलो, कारण अकरानंतर फोनचे दर उतरायचे. पण मोडेम असून चालत नाही, मोडेमशी बोलणारा प्रोग्रॅम लागतो. तो प्रोग्रॅम बोर्डांवर फुकट मिळतो, आणि बोर्डावरून उतरवून घ्यायला तोच प्रोग्रॅम लागतो. विहिरीतला पोहरा काढायला पोहराच हवा, अशी गत. सहकाऱ्याच्या फ्लॉपीवरची प्रत केव्हाच खराब झाली होती.

मग मी स्वतःच असेंब्ली भाषेत, म्हणजे थेट यंत्राच्या आज्ञांत, पन्नासेक ओळी लिहिल्या. केप्रोचा सीरियल पोर्ट: माहिती ०४ वर, स्थिती ०६ वर. कीबोर्डवर काही दाबलंय का बघ, असेल तर पोर्टकडे पाठव. पोर्टवर काही आलंय का बघ, असेल तर पडद्यावर दाखव, आणि एक प्रत मेमरीत ठेवत जा. एवढंच. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री नंबर फिरवला, मोडेमच्या छोट्या स्पीकरमधून घंटा ऐकू आली, मग एक लांब शिट्टी, त्यावर दुसरी शिट्टी, आणि एकदम शांतता. दोन-तीनदा रिटर्न दाबायचं असतं, म्हणजे पलीकडचं यंत्र तुमचा वेग ओळखतं. मी दाबलं. पडद्यावर अक्षरं येऊ लागली.

३०० बॉड म्हणजे सेकंदाला ३० अक्षरं. डोळ्यांनी वाचावं त्याच चालीने ओळ पुढे सरकते. पहिला प्रश्न आला, तुम्हाला किती 'नल' हवेत? मी गोंधळून कागदावरच्या खुणा पाहिल्या. जुन्या टेलिटाइपवर एक ओळ छापून झाली की मुंडी डावीकडे परतायला वेळ लागायचा, तेवढ्यात अक्षरं वाया जाऊ नयेत म्हणून पलीकडून रिकामे बाइट पाठवत. पडद्याला ते लागत नाहीत. मी शून्य दिलं. या एका प्रश्नावरून मला जाणवलं की इथे कुणालाही मागे सोडत नाहीत, दहा वर्षांपूर्वीचं यंत्र घेऊन आलेल्यालाही आधी त्याची सोय विचारतात.

सीबीबीएसवर निरोप वाचले. फायलींसाठी मात्र यादीतला तिसरा नंबर होता. तो आरसीपीएम, म्हणजे दुरून वापरायचा सीपी/एम. ही कल्पना आजच्या मुलांना समजावताना मला वेळ लागतो. कुणीतरी आपल्या घरातला संगणक रात्री टेलिफोनला जोडून ठेवायचा आणि अनोळखी माणसाला थेट त्या संगणकाच्या प्रॉम्प्टवर आणून सोडायचा. माझ्या केप्रोवर जे 'ए' आणि बाणाचं टोक दिसतं, तेच, पण ते यंत्र वीस मैलांवर कुणाच्या तरी तळघरात. मी डीआयआर दिलं की त्याच्या डिस्कवरच्या फायली दिसणार. पुसण्याची आणि नावं बदलण्याची आज्ञा तेवढी काढून टाकलेली. बाकी घर उघडं.

नवख्याला लगेच आत घेत नसत. नाव-गाव-फोन लिहून ठेवायचा, मग चालवणारा माणूस, सगळे त्याला सिसॉप म्हणत, स्वतः फोन करून खात्री करायचा. दुसऱ्या संध्याकाळी त्याचा फोन आला. सावकाश बोलणारा, वयस्क आवाज. त्याने मला तीनच गोष्टी सांगितल्या: विकत मिळणारा प्रोग्रॅम इथे चढवायचा नाही, इतर लोक एंगेज टोन ऐकत असतात म्हणून तासाभरात जागा सोडायची, आणि घेतलंत तर कधीतरी काही द्या. तिसरी गोष्ट सांगताना त्याने 'जमेल तेव्हा' हे शब्द घातले होते.

आता फाईल कशी आणायची? मी त्याला माझी अडचण सांगितली. तो म्हणाला, एक लहान प्रोग्रॅम मी तुमच्यासाठी हेक्समध्ये करून ठेवतो, तो टाइप आज्ञेने पडद्यावर ओतून घ्या. हेक्स फाईल म्हणजे नुसता मजकूर. प्रत्येक ओळ विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी सुरू होते, मग १६ बाइट दोन-दोन अक्षरांत लिहिलेले, आणि शेवटी त्या ओळीची बेरीज, म्हणजे वाटेत काही बिघडलं तर कळावं. चार के प्रोग्रॅमच्या अडीचशेच्या वर ओळी झाल्या. साडेसहा मिनिटं मी त्या ओळी वर सरकताना पाहत होतो. मेमरीत साठलेलं सेव्ह आज्ञेने फ्लॉपीवर उतरवलं, डीडीटी या बाइट तपासायच्या-बदलायच्या साधनाने पुढचा नको तो भाग काढला आणि हेक्सचा प्रोग्रॅम करणारी लोड आज्ञा दिली. पडद्यावर आलं, बेरीज चुकली.

बाहेर पाऊस होता आणि लाइनीत खरखर होती. चुकलेल्या ओळीचा पत्ता लोडने सांगितला होता. पुन्हा फोन लावला, तीच ओळ येईपर्यंत थांबलो, कंट्रोल-एस दाबून पडदा रोखला आणि पेन्सिलीने अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं. तीनच्या जागी सात आला होता. बदलला. आणखी एका ओळीत असंच. रात्री पावणेदोनला लोड न कुरकुरता संपला आणि फ्लॉपीवर एक कॉम फाईल, म्हणजे चालवता येणारा प्रोग्रॅम, उभी राहिली. हिला उठवून सांगावंसं वाटलं, पण मुलगा नुकताच झोपला होता.

त्या चार केमध्ये एक्समोडेम होता, फाईल फोनवरून बिनचूक पाठवायची पद्धत. हाही क्रिस्टेनसेनचाच, १९७७चा, आणि त्याने तो सगळ्यांना मोकळा करून टाकला होता. याच्यावर माझं विशेष प्रेम आहे, कारण इतक्या थोड्यात इतकं चोख काम मी क्वचित पाहिलंय. फाईलचे १२८ बाइटांचे तुकडे. प्रत्येक तुकड्यापुढे त्याचा क्रमांक, आणि खात्रीसाठी तोच क्रमांक उलटा करून पुन्हा. मागे सगळ्या बाइटांची बेरीज. घेणारा बेरीज करून पाहतो. जुळली तर एक बाइट पाठवून 'मिळालं' म्हणतो, नाही तर दुसरा बाइट पाठवून 'पुन्हा दे' म्हणतो. देणारा कुरबूर न करता तोच तुकडा पुन्हा देतो. पाऊस असो, खरखर असो, फाईल पोचते तेव्हा पाठवली तशीच पोचते. पहिल्यांदा मी त्याने मोडेम७ उतरवला, म्हणजे मोठा, सगळ्या सोयींचा प्रोग्रॅम. त्यात आपल्या यंत्राच्या पोर्टांचे पत्ते भरलेलं ठिगळ डीडीटीने बसवावं लागायचं. केप्रोसाठीचं ठिगळ कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं होतं, वर त्याच्या तारखा आणि कुणी काय दुरुस्त केलं त्याची टिपणं. पाच-सहा माणसांचे हात त्यावरून फिरले होते.

मग तो रोजचा नेम झाला. ४० केची फाईल उतरायला २५ मिनिटं लागायची. जागा आणि वेळ वाचावा म्हणून लोक फायली आवळून ठेवत. आवळलेल्या फाईलच्या आडनावातलं, म्हणजे नावातल्या टिंबानंतरच्या तीन अक्षरांतलं, मधलं अक्षर क्यू केलेलं असायचं. आणि एका कामाच्या सगळ्या फायली एलबीआर नावाच्या गाठोड्यात एकत्र बांधलेल्या. एकदा २५ पैकी २२ मिनिटं झाली होती आणि लाइनीत खट्ट झालं. कॉल वेटिंग. दुसरा फोन आला की मोडेमच्या शिट्टीत तो आवाज शिरतो आणि संबंध तुटतो. मी रिसीव्हर उचलला तर मुंबईहून धाकट्या मावशीचा आवाज. ट्रंक कॉल लावायला तिला किती खटपट करावी लागली असेल, हे मला माहीत होतं. आईचं एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. फाईल दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून उतरवली आणि त्यानंतर बसण्याआधी कॉल वेटिंग बंद करायचे आकडे न चुकता फिरवू लागलो.

सहा-सात महिन्यांत माझा प्रोग्रॅम तयार झाला. वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये रोमन अक्षरांत मराठी लिहायचं. माझी स्वतःची पद्धत होती: लहान एल म्हणजे ल, मोठा एल म्हणजे ळ, लहान एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. प्रोग्रॅम त्याची देवनागरी करून प्रिंटरला ठिपके पाठवायचा. एफएक्स-८०च्या एका फेरीत आठ सुयांची पट्टी छापता येते, म्हणून मी एका ओळीच्या चार पट्ट्या केल्या. पहिलीत वेलांट्या आणि मात्रा, मधल्या दोनांत शिरोरेषेसकट अक्षर, चौथीत उकार. पट्ट्यांच्या मध्ये कागद सरकताना केसाएवढी फट पडायची आणि काना मधोमध तुटलेला दिसायचा. इंचाच्या २१६व्या भागाने कागद सरकवता येतो. हिशेबाने २४ भाग हवेत, मी २३ केले आणि काना जुळला. त्या दिवशी छापलेलं 'ती. आईस सा. न.' मी हिच्यासमोर धरलं. ती काही बोलली नाही, कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.

पहिलं पत्र साताऱ्याला गेलं. उत्तर तीन आठवड्यांनी आलं, आईच्या हातचं, 'स्वतः वाचलं' असं लिहिलेलं.

मग मला सिसॉपची तिसरी गोष्ट आठवली. आपल्याकडे द्यायला एवढंच आहे, पण या बोर्डावर मराठी कोण वाचणार? तरी गाठोडं बांधलं. ज्यांच्याकडे प्रिंटर दुसऱ्या यंत्रावर असेल त्यांच्यासाठी एक सोय वाढवली: थेट छापण्याऐवजी ठिपक्यांची फाईल करायची आणि ती पिप या फायली इकडून तिकडे नेणाऱ्या आज्ञेने प्रिंटरकडे धाडायची. नमुना म्हणून आईला लिहिलेल्या पत्राच्या आठ ओळी ठेवल्या. इंग्रजीत माहितीची फाईल लिहिली. चढवायला १९ मिनिटं लागली. चढवलेली फाईल लगेच यादीत दिसत नसे, सिसॉप आधी स्वतः चालवून बघायचा.

चार दिवसांनी मी निरोप वाचत असताना पडद्यावर मधेच अक्षरं उमटायला लागली. मी काहीच दाबलं नव्हतं. सिसॉप त्याच्या तळघरात बसून त्याच प्रॉम्प्टवर लिहीत होता. दोघांचा पडदा एकच. त्याने लिहिलं, तुमचं पत्र तिसऱ्या ओळीत थांबतं. मी विचारलं, प्रिंटर कोणता? माझ्यासारखाच. तो पुढे म्हणाला की थांबल्यावर प्रिंटर अडून बसतो, आणि त्यानंतर काहीही छापायला दिलं तर त्याची पहिली काही अक्षरं ठिपके होऊन बाहेर पडतात. त्याने नमुन्यातली एकेक ओळ सुटी करून छापून पाहिली होती. आठपैकी पाच ओळी नीट. तीन ओळी अर्ध्यात थांबलेल्या. त्या तिन्हीत रोमन मजकुरात मोठा एल आहे, इतर पाचांत नाही. ते आडव्या आठासारखं अक्षर कोणतं?

ळ. त्या ओळी बाळाबद्दल होत्या, त्याचं जावळ, त्याला लागलेली खेळायची सवय.

मी त्या रात्री झोपलोच नाही. ळचे ठिपके कागदावर चौकटीत काढलेले होते, ते घेऊन बसलो. एका उभ्या रांगेत वरून चौथी, पाचवी आणि सातवी सुई. सोळा अधिक आठ अधिक दोन, सव्वीस. सीपी/एमला मजकुराची फाईल कुठे संपते हे बाइटांच्या नेमकेपणाने कळत नाही, ती १२८ बाइटांचे तुकडेच मोजते. म्हणून मजकूर संपला की तिथे कंट्रोल-झेड लिहायचा हा संकेत. कंट्रोल-झेड म्हणजे सव्वीस. पिपला वाटत होतं की ळच्या पोटात पत्र संपलं. प्रिंटरला मात्र आधीच सांगितलेलं होतं की आता ४८० ठिपक्यांच्या रांगा येणार, त्यामुळे तो उरलेल्यांची वाट पाहत पुढचं सगळं गिळत होता. मी स्वतः नेहमी थेट छापत आलो, म्हणून मला हे कधी दिसलंच नव्हतं. देवनागरीचं एक अक्षर न ओळखणाऱ्या माणसाने, नुसत्या ओळी मोजून, माझ्या भाषेतल्या नेमक्या त्या अक्षरावर बोट ठेवलं होतं.

उपाय सोपा होता. पिपला कंसात ओ दिला की तो कंट्रोल-झेडकडे लक्ष देत नाही. पण हे सगळ्यांच्या लक्षात राहणार नाही, म्हणून मी ळचा तो ठिपकाही एक सुई खाली सरकवला आणि सव्वीस येणारी बाकी सगळी अक्षरं हुडकली. क्ष मध्ये एक सापडलं. दुसरी आवृत्ती चढवली. सिसॉपने फोन केला, साधा, आवाजाचा. पत्र पूर्ण छापलं होतं. मग त्याने विचारलं, हे अक्षर म्हणतात कसं? मी म्हणालो, ळ. तो म्हणाला, ल. मी जीभ कुठे न्यायची ते सांगितलं. दहा-बारा वेळा केलं असेल. शेवटी एकदा त्याच्या तोंडून 'बाळ' जवळजवळ बरोबर आलं आणि मुलगा मांडीवर होता त्याच्या कानाला मी रिसीव्हर लावला.

पुढची चार वर्षं तो बोर्ड चालला. टेलेनेट कंपनीची पीसी पर्स्यूट नावाची योजना आली होती, महिन्याला २५ डॉलरमध्ये रात्री दुसऱ्या शहरांतल्या बोर्डांवर जाता यायचं, तिने मी बराच हिंडलो. सीपी/एममधल्या आज्ञा घेणाऱ्या भागाला पर्याय म्हणून रिचर्ड कॉन यांनी लिहिलेला झेडसीपीआर३ वापरणाऱ्यांचे झेड-नोड म्हणून बोर्ड होते, तिथे लोक जुन्या यंत्रांवर नवी कामं करत होते. पण घर म्हणजे हाच बोर्ड. १९९०मध्ये सिसॉपची तब्येत बिघडली. त्याने निरोप ठेवला की महिनाअखेर यंत्र बंद होईल, ज्याला जे हवं ते उतरवून घ्या. शेवटच्या आठवड्यात एंगेज टोनच फार ऐकला. मला लाइन मिळाली ती पहाटे चारला. फायली माझ्याकडे बहुतेक होत्या. मी निरोपांची पूर्ण यादी टाइप करून पडद्यावर ओतून घेतली, त्या पहिल्या हेक्स फाईलसारखीच.

ती फाईल नंतर तारेने पीसीवर आणली, एक्समोडेमनेच, आणि आजही माझ्याकडे आहे. तिच्यात १९८८च्या मार्चमधला एक निरोप आहे, फिलाडेल्फियाहून कुणा मराठी मुलीचा. तो आला तेव्हा मी महिनाभर भारतात होतो आणि परतल्यावर मागचे निरोप चाळलेच नव्हते. दोनच ओळी, रोमन अक्षरांतलं मराठी: फाईल मिळाली, आजोळी पत्र छापून पाठवलं, आजीने वाचलं. 'मिळाली' आणि 'आजोळी' या दोन्ही शब्दांत तिने मोठा एल लिहिला आहे.